हवा कुठे गेली?

(सोमाटणे इथे तरुण पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी शिक्षक नाही. इंजिनिअरिंग केलं, गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय आणि सोमाटण्याहून हिंजवडीला जाण्यायेण्यात आयुष्याचा बराच भाग घालवतोय. बालशिक्षणावर बोलायचा माझा अधिकार एवढाच की मला पाच वर्षांची मुलगी आहे, आणि तिच्या बालवाडीत गेल्या वर्षी जे घडलं त्यात माझं घरही ओढलं गेलं. आधी ते घडलं तसं सांगतो. मग अशा शिकवण्यामागचा विचार कुठला, आपल्या महाराष्ट्रात तो कोणी रुजवला, आणि आपल्या मुलांसाठी आपण काय करू शकतो, यावर बोलतो.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मी तिला एका खासगी नर्सरीत घातलं. नाव घेत नाही, कारण तशा नर्सऱ्या प्रत्येक गावात आहेत. साडेतीन वर्षांच्या मुलीला रोजचा गृहपाठ असायचा, एबीसीडी आणि एक ते पन्नास. पेन्सिल धरून धरून तिची बोटं दुखायची. पुढे पुढे सकाळी शाळेच्या वेळेलाच तिचं पोट दुखायला लागलं. एक दिवस डायरीत शेरा आला : ‘एका जागी बसत नाही. प्रश्न फार विचारते.’ तो शेरा वाचून मी काय केलं? मी मुलीला समज दिली. शाळेला दोष देण्याआधी हे सांगणं भाग आहे. प्रश्न विचारते म्हणून मीच तिला रागावलो होतो.

पुढच्या वर्षी तिला घराजवळच्या एका छोट्या बालवाडीत घातलं. कुठल्या तत्त्वासाठी नव्हे. फी परवडणारी होती आणि माझी आई तिला चालत सोडू शकत होती. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, तीन ते सहा वयाची बावीस मुलं आणि दोन ताई. भिंतीवर मिकी माऊस नव्हता. मुलांनी काढलेली चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली मूल जे बोललं ते ताईंनी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलेलं होतं. पहिल्या दिवशी मला ते जरा गबाळंच वाटलं.

पावसाळा संपता संपता एक मुलगा उशिरा आला. वाटेत त्याच्या पप्पांची गाडी पंक्चर झाली होती. सगळी मुलं गोलात बसली होती. त्याने ऐटीत सगळी हकिकत सांगितली. ताईंनी विचारलं, “मग हवा कुठे गेली?”

मुलांची उत्तरं ताईंनी मोठ्या कागदावर लिहून घेतली. तो कागद नंतर मी पाहिला. ‘हवा पळून गेली.’ ‘रस्त्याने खाल्ली.’ ‘उंदराने टायर कुरतडला.’ ‘हवा टायरच्या पोटात लपली आहे.’ आणि माझ्या मुलीचं उत्तर : ‘माझ्या दादाजींना माहितीये.’

इथे थोडं थांबून माझ्या घराबद्दल सांगायला हवं. माझ्या अब्बांचं सोमाटणे फाट्यावर, जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला, पंक्चरचं दुकान आहे. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, एक पाण्याचा टब आणि बाहेर रचून ठेवलेले टायर. मी लहान असताना हायवेवरचा सगळा ट्रक त्या दुकानावरून जायचा. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि मोठी गाडी वरच्या रस्त्याने निघून गेली. धंदा बसला, तरी अब्बांनी दुकान चालू ठेवलं. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच टबातून निघाली आहे.

आणि मी काय करायचो? कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर ‘ऑटोमोबाईल’ लिहायचो. हॉस्टेलवर कोणी विचारलं तर ‘टायरचा बिझनेस आहे’ म्हणायचो. आपल्यापैकी अनेकांना कारण सांगावं लागणार नाही. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या समाजासाठी शिवीसारखा वापरला जातो. फोनवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये हसत हसत. मी तो शब्द ऐकून गप्प बसलेलो माणूस आहे.

तर बालवाडीच्या ताईंनी अम्मीकडे निरोप पाठवला, मुलांना दुकान बघायला आणू का? अब्बा बावरले. “इधर क्या देखनेका बच्चा लोगको? सब काला-काला है.” मीही ताईंना फोन केला. म्हटलं, मुलांना टायरबद्दल शिकवायचं असेल तर मी चांगलं प्रेझेंटेशन करून देतो, चाकाचा शोध, रबराचं झाड, सगळं. ताई म्हणाल्या, “करा की. या शुक्रवारी दाखवा.” मी लॅपटॉप घेऊन गेलो. वीस स्लाइड केल्या होत्या. चौथ्या स्लाइडपर्यंत निम्मी मुलं अंगणात गेली होती आणि एकजण माझ्या लॅपटॉपची वायर तोंडात घालत होता. मेसोपोटेमियातल्या चाकाबद्दल त्यांनी मला काही विचारलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न हवेचा होता.

जाण्याआधी ताईंनी मुलांकडून प्रश्न गोळा केले. भोक कसं सापडतं? टायर काळाच का असतो? ट्रकचा टायर केवढा असतो? दादाजी रात्री दुकानातच झोपतात का? एका मुलीने विचारलं, खिळा अजून आतच असेल तर?

मुलं दोन-दोनच्या जोडीने चालत गेली. अब्बांनी सकाळीच टब घासून नवं पाणी भरलं होतं, तरट अंथरलं होतं. सायकलची ट्यूब काढली, थोडी हवा भरली आणि पाण्यात बुडवून हळूहळू फिरवायला लागले. कुठेच काही नाही. बावीस मुलं टबावर वाकलेली. मग एका जागी बारीक बारीक बुडबुडे वर यायला लागले.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे आईवडील इथल्या बांधकामावर कामाला आले होते. घरी भोजपुरी. तीन महिन्यांत तो बालवाडीत एक शब्द बोलला नव्हता. तो ओरडला, “बुलबुला!” त्या दिवशी ताईंनी भिंतीवर ‘बुडबुडा’ आणि ‘बुलबुला’ असे दोन्ही शब्द लिहिले. माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं, “त्याला बोलता येतं, अब्बू. त्याला आपलं बोलणं येत नव्हतं.”

अब्बांनी भोकावर खूण केली, कानसीने ती जागा घासली, सोल्यूशन लावलं. मुलांना लगेच ठिगळ चिकटवायचं होतं. अब्बा म्हणाले, सुकू द्यायचं, नाहीतर धरत नाही. मुलं थांबली. चार वर्षांची मुलं सोल्यूशन सुकायची वाट बघत बसलीत, असं दृश्य मी कुठल्या वर्गात पाहिलेलं नाही. दरम्यान अब्बांनी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. टायरच्या आतून बोटं फिरवून दाखवली. आधी खिळा शोधायचा, मग ठिगळ. खिळा आत ठेवून ठिगळ लावलं तर गाडी पुढच्या वळणावर पुन्हा बसणार. आम्ही ऑफिसात याच गोष्टीसाठी मीटिंगा घेतो.

त्यानंतर जवळजवळ पाच आठवडे बालवाडीत हवेचंच राज्य होतं. मुलांनी फुगे, रिकाम्या बाटल्या, स्पंज, फुटबॉलचा ब्लॅडर, जे मिळेल ते पाण्यात बुडवलं. स्पंजमधूनही बुडबुडे आले तेव्हा मोठा वाद झाला, मग स्पंजलाही पंक्चर आहे का? एकीने घरून बातमी आणली की तव्यावरच्या फुलक्यातही हवा असते आणि ती हाताला चटका देते. सुतळीने टायर मोजले. ट्रकचा टायर उभा केला तर तो वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा उंच निघाला. मग उंचीची रांग लावली गेली, मग कोण टायरपेक्षा किती बोटं उंच, हे मोजलं गेलं. शेवटी खोलीच्या कोपऱ्यात मुलांनी स्वतःचं दुकान मांडलं. पाटी हवी, म्हणून ‘हवा’ हा शब्द लिहायला शिकली. दर हवेत, म्हणून आकडे आले. पावतीपुस्तक हवं, म्हणून गिऱ्हाइकाचं नाव विचारून त्याचं पहिलं अक्षर लिहायला लागली. माझ्या मुलीला जे अक्षर वर्षभर पोटदुखी देत होतं, ते तिने इथे स्वतःहून मागितलं, कारण तिला त्याची गरज पडली.

याला काय म्हणतात ते मी नंतर वाचलं. मुलाच्या प्रश्नातून निघालेला प्रकल्प. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिकने १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’ या नावाने निबंध लिहिला. १९८९ मध्ये लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड यांनी लहान मुलांच्या वर्गासाठी त्याची नीट मांडणी केली. त्यांच्या मांडणीत तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मुलांना काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचं आहे, ते गोळा करायचं. दुसऱ्यात प्रत्यक्ष जागेवर जायचं, जाणत्या माणसाला विचारायचं, करून बघायचं. तिसऱ्यात जे कळलं ते इतरांना दाखवायचं. ताईंनी नेमकं हेच केलं होतं. मी ताईंना विचारलं, तुम्ही कॅट्झ वाचलंय का? त्या म्हणाल्या, “नाही. माझ्या बाईंनी असं शिकवलेलं. आणि त्यांनी कोसबाड पाहिलेलं.”

कोसबाडचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. म्हणून थोडं सांगतो.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. स्वतःला मूल झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसोरींच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि पुढे वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम करायला १९२३ मध्ये ताराबाई मोडक गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार काढलं. ते चांगलं चाललं होतं, पण ती शहरातल्या, शिकलेल्या घरांची मुलं होती. खेड्यातल्या गरीब मुलाचं काय, हा प्रश्न घेऊन त्या १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. तिथून शिकून शिक्षिका झालेली बाई.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. ताराबाई आणि अनुताईंनी काय केलं? मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. वस्तीवर जायचं, मुलांना अंघोळ घालायची, अंगणात बसायचं, गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या यांची साधनं केली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, आणि शिक्षक साहित्याची पिशवी घेऊन तिथेच मुलांसोबत बसलेत.

१९७५ साली २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली. आज आपल्या गल्लीत जी अंगणवाडी आहे ती त्याच योजनेतली. तिचं नाव बोर्डीच्या अंगणातून आलेलं आहे. आपण मात्र तिला खाऊ वाटण्याची आणि लस टोचण्याची जागा समजतो. तिच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे, हे आपण विसरूनच गेलोय.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं ताराबाई-अनुताईंचं. आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. त्याच काळात ते दिल्लीत जामिया मिल्लिया चालवत होते. जामियातल्या लहान मुलांच्या वर्गात गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची जर्मन बाई होती. ज्यू घरातली. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या झाकिर हुसेन आणि त्यांच्या मित्रांशी तिची ओळख झाली होती. हिटलर सत्तेवर आला त्याच सुमारास ती इथे आली, जामियाच्या बालवर्गासाठी राबली, मुलं तिला ‘आपाजान’ म्हणायची. १९४३ मध्ये ती गेली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. लहान मुलांना हाताने करू द्यावं, बोलू द्यावं, त्यांच्यासोबत जमिनीवर बसावं, हा विचार आपल्यासाठी परका नाही. मधे कुठेतरी आपण तो हातातून सोडला.

आणखी एक गोष्ट सांगतो. इटलीत रेजिओ एमिलिया शहराजवळ १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी एक टाकून दिलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक ते बघायला सायकलवरून गेला आणि पुढे आयुष्यभर तेच काम करत राहिला. आज पुण्या-मुंबईतल्या महागड्या प्री-स्कूलच्या जाहिरातीत ‘रेजिओ’ हा शब्द दिसतो. सुरुवात मात्र पडक्या गावातल्या कष्टकरी आईबापांनी केली होती. बोर्डीतही तेच. हे शिक्षण गरिबांसाठी आणि गरिबांच्या हाताने उभं राहिलं आणि आज आपण समजतो की ते फक्त श्रीमंतांना परवडतं. आपण मात्र पोटाला चिमटा काढून मुलांसाठी विकत घेतो ते साडेतीन वर्षांचं घोकणं.

आता त्या पाच आठवड्यांच्या शेवटाकडे येतो. मुलांनी एका शनिवारी पालकांना बोलावलं. दुकान, चित्रं, मोजलेल्या सुतळ्या, सगळं मांडलं होतं. अब्बांना खुर्ची दिली होती. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून ते टोकाला बसले होते. माझी मुलगी गिऱ्हाइकांना सांगत होती, “आधी खिळा शोधायचा.”

एक वडील उठले. आपल्यातलेच, माझ्याच वयाचे. दिवसभर डिलिव्हरीचं काम करतात. ते शांतपणे बोलले, पण आवाज कापत होता. “ताई, लोक आम्हाला तसंही पंक्चरवाले म्हणतात. तुम्ही आमच्या पोरांना तेच शाळेत शिकवताय. मी पोराला यासाठी पाठवतो का?”

खोलीत शांतता. अब्बा जमिनीकडे बघत होते. मला काही सुचलं नाही. कारण तो माणूस जे मोठ्याने बोलला होता, ते मी फॉर्मवर ‘ऑटोमोबाईल’ लिहून वर्षानुवर्षं बोलत आलो होतो.

ताईंनी वाद घातला नाही. त्या त्यांना भिंतीजवळ घेऊन गेल्या आणि त्यांच्या मुलाचा कागद दाखवला. त्याने काढलेला टब, त्याने मोजलेले बुडबुडे, त्याचं वाक्य : ‘हवा दिसत नाही, पण पाण्यात दिसते.’ ताई म्हणाल्या, “तुमचा मुलगा पंक्चर काढायला शिकला नाही, भाऊ. न दिसणारी गोष्ट कशी शोधायची, ते शिकला. पुढे डॉक्टर झाला तरी त्याला हेच करायचंय.” ते वाचत राहिले. काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मुलाला तिथून काढलं आणि दुसऱ्या शाळेत घातलं, गृहपाठ देणाऱ्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची भीती खरी आहे. बाकीच्यांची मुलं चुकली तर चुकतात, आपली चुकली तर अख्ख्या समाजाचं नाव निघतं, असं आपल्याला वाटतं. म्हणून आपण मुलाला लवकरात लवकर सुरक्षित करायला बघतो, आणि चार वर्षांच्या वयात सुरक्षित म्हणजे पन्नासपर्यंतचे आकडे.

पण त्या भीतीला नीट उत्तर द्यायला हवं. मला सुचलेलं उत्तर असं. मुलाने वडिलांचाच धंदा करावा म्हणून त्याला धंदा शिकवणं वेगळं, आणि मुलाला पडलेल्या प्रश्नामागे जाताना एखादं दुकान लागणं वेगळं. नई तालीममध्ये कुठली हस्तकला शिकायची ते मोठ्यांनी ठरवलेलं असायचं, म्हणून गरिबाच्या मुलाला चरख्यालाच बांधणार का, अशी शंका घेणं योग्यच होतं. इथे दुकान मुलांनी निवडलं होतं आणि पाच आठवड्यांनी सोडूनही दिलं. त्यानंतरचा त्यांचा प्रश्न होता, पवनेचं पाणी नळात कसं चढतं? उद्या वर्गात एखाद्या डॉक्टरची, शेतकऱ्याची, मौलवीसाहेबांची, बस ड्रायव्हरची पाळी येईल. आणि एक गोष्ट त्या बावीस मुलांना कळली, जी मला तिशीपर्यंत कळली नव्हती. पंक्चरवाल्याला काहीतरी येतं, जे आपल्याला येत नाही. त्यांतली बरीच मुलं मराठी हिंदू घरांतली आहेत. मोठेपणी तो शब्द त्यांच्यासमोर शिवी म्हणून येईल तेव्हा त्यांना एक पांढरा कुर्ता आणि एक टब आठवेल, अशी माझी आशा आहे. खात्री नाही, आशा आहे.

आता कामाचं बोलू. कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तसा हक्क नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. खेळातून आणि घरच्या भाषेतून शिकणं, हे त्यात लिहिलेलं आहे. कागदावरचं वर्गात यावं यासाठी पालकांनी विचारणा करावी लागते. म्हणून तीन प्रश्न सांगतो. नर्सरी निवडताना किंवा अंगणवाडीत गेल्यावर हे विचारा.

पहिला, भिंतीवर काय आहे? बाजारातून आणलेले तक्ते, की मुलांनी काढलेलं, मुलांनी बोललेलं?

दुसरा, गेल्या महिन्यात मुलांनी काय विचारलं? ताईंना एकही प्रश्न आठवत नसेल, तर तिथे प्रश्न विचारले जात नाहीत किंवा ऐकले जात नाहीत.

तिसरा, घरी दखनी, कोकणी, भोजपुरी बोलणाऱ्या मुलाचं काय करता? आपल्या घरांसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरी एक बोली, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी, मकतबमध्ये अरबी. चार वर्षांचं मूल चार दारांतून जातं. एका तरी दारात त्याचं घरचं बोलणं चालायला हवं, नाहीतर ते तीन महिने गप्प बसतं आणि आपण त्याला मंद म्हणतो.

एक गैरसमजही दूर करतो. मुलाच्या मागे जाणं म्हणजे मुलाला मोकाट सोडणं नव्हे. ताईंचं काम यात वाढतं. कुठला प्रश्न पाच आठवडे टिकेल आणि कुठला संध्याकाळी विरेल, हे ओळखावं लागतं. गप्प मुलाकडे लक्ष ठेवावं लागतं. हातोडी मुलग्यांकडे आणि पावतीपुस्तक मुलींकडे, असं आपोआप होतं, ते मोडावं लागतं. आमच्या ताईंनी ते मोडलं. आणि यासाठी एका ताईकडे साठ मुलं असून चालत नाही. अंगणवाडीताईंवर सर्वेक्षणाची, नोंदींची, मोबाईलवर माहिती भरण्याची कामं लादलेली असतात. त्यांच्याकडून अपेक्षा करण्याआधी त्यांच्या मानधनाच्या आंदोलनात आपण कधी उभे राहिलो का, हेही स्वतःला विचारू.

शेवटचं. आपल्याकडे बारावीनंतरच्या मार्गदर्शनाची शिबिरं होतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग होतात. ते हवंच. पण प्रश्न विचारायची सवय बाविसाव्या वर्षी लावता येत नाही. मुलगी विचारते, मला मशिदीत का नेत नाही, आजीला वाचता का येत नाही, ही माणसं आपल्यावर का हसतात. तिला आपण चौथ्या वर्षी गप्प केलं, तर विसाव्या वर्षी तिने अन्यायाविरुद्ध बोलावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करणार?

म्हणून एकच मागणं. या महिन्यात आपापल्या वस्तीतल्या अंगणवाडीत एक सकाळ जा. शिकवायला जाऊ नका. माझ्यासारखा लॅपटॉप तर अजिबात नेऊ नका. खाली बसा, ऐका, आणि ताईंना सांगा की तुमचं काम काय आहे. गवंडी असाल, शिंपी असाल, ड्रायव्हर असाल, कोडिंग करत असाल, मुलांना कधी बघायचं असेल तर बोलवा म्हणावं.

मागच्या महिन्यात मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरला. त्यात आजोबांचा व्यवसाय विचारत नाहीत, वडिलांचा विचारतात. तरी माझ्या मुलीने आग्रह धरला. मी समासात लिहून दिलं, आजोबा : पंक्चरचं दुकान, सोमाटणे फाटा. क्लार्कने वर बघितलं, काही बोलला नाही, शिक्का मारला.